जुनी जखम, नवी साथ

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. साथ ओसरली, मास्क घरात कुठेतरी पडून राहिले. आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांकडे मात्र एका प्रकारचे पेशंट त्यानंतरही येत राहिले. झोप नाही, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, दार लावले की जीव घाबरा होतो. ईसीजी नॉर्मल, ऑक्सिजन ९८, थायरॉईडही ठीक. सोबत आलेला मुलगा म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आईला काही झालेलं नाही, उगीच मनाला लावून घेते." पेशंट आमच्या या भागातला आणि चाळिशीच्या पुढचा असेल, तर मी आणखी एक प्रश्न विचारतो. त्र्याण्णव साली तुम्ही कुठे होता?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जे वाचले त्यांचे पुनर्वसन झाले, नवी गावे वसली. पण 'छप्पर म्हणजे आसरा' हा माणसाचा साधा विश्वास अनेकांचा त्या पहाटे तुटला. पक्के घर मिळूनही कित्येक जण पुढे बराच काळ अंगणातच झोपत.

आता २०२० चा मार्च आठवा. साऱ्या देशाला एकच गोष्ट सांगितली गेली, की घरातच राहा, घरात सुरक्षित आहात. साथ रोखण्यासाठी ते सांगणे आवश्यकच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याच्या मेंदूने घर म्हणजे धोका हे एकदा शिकून ठेवले आहे, त्याने काय करावे? एका मावशींनी मला सांगितले, "तोंडाला फडकं बांधलं की तोंडात माती गेल्यासारखं वाटतं." त्या काही तास ढिगाऱ्याखाली होत्या. लोक त्यांना मास्क न घालणारी अडाणी बाई म्हणत होते.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर आणखी कठीण झाले. किल्लारीत प्रेते इतकी होती की सामुदायिक दहन करावे लागले, अनेकांना आपल्या माणसाचे तोंडही धड पाहता आले नाही. दुसऱ्या लाटेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, पीपीई किट घातलेली चार अनोळखी माणसे आणि लांब उभे असलेले नातेवाईक, हे पुन्हा घडले. अठ्ठावीस वर्षे दाबून ठेवलेले दुःख अशा वेळी उसळी मारते, यात नवल ते काय!

हे मनाचे खेळ नव्हेत. मोठ्या आघातानंतर मेंदूतील भीतीची यंत्रणा काही जणांत कायमची सावध होऊन बसते. वास, आवाज, पहाटेची वेळ, अँब्युलन्सचा भोंगा, एवढेसे निमित्तही पुरते. अॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, श्वास अपुरा वाटतो. साथीच्या काळात नेमकी हीच लक्षणे कोरोनाची समजून माणूस आणखी घाबरे. वैद्यकात याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. तो सर्वांना होत नाही. उलट "आम्ही याहून वाईट पाहिलंय" म्हणत शेजाऱ्यांना धीर देणारे भूकंपग्रस्तही मी पाहिले आहेत.

भूकंपाचेच कशाला? नवऱ्याचा मार खाणारी बाई टाळेबंदीत त्याच्याच सोबत कोंडली गेली. राष्ट्रीय महिला आयोगाकडे त्या काळात घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या होत्या. ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांची डोकेदुखी आमच्याकडे आली.

घरच्यांना माझे सांगणे एवढेच, की "विसर आता" म्हणू नका. विसरणे हातात असते तर ते केव्हाच विसरले असते. बोलायचे असेल तर ऐका; बोलायचे नसेल तर खोदून विचारू नका. दार-खिडकी उघडी ठेवून झोपायचे असेल तर झोपू द्या. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणलेल्या झोपेच्या गोळ्या मात्र नकोत. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते आणि मूळ दुखणे तसेच राहते. या विकारावर समुपदेशनाचे खास उपचार आहेत, गरज पडल्यास वेगळी औषधे आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला लाजू नये. घरून बोलायचे तर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

आणि एक सूचना सरकारला. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत कर्मचारी दारोदार फिरले. ताप, ऑक्सिजन, मधुमेह, हृदयविकार यांची चौकशी झाली, ते उत्तम काम होते. पुढची साथ येईल तेव्हा आशाताईंच्या त्याच कागदावर आणखी एक ओळ असावी: पूर्वी मोठा आघात झाला आहे का, आणि घरात झोप लागते का? निदान किल्लारीच्या आसपासच्या गावांत तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.