उत्तराचा रकाना

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी कॅगचे अहवाल पटलावर ठेवायचे, ही आपल्या विधिमंडळाची जुनी वहिवाट. आमदार गावी निघालेले असतात, पत्रकार अधिवेशनाचा गोषवारा लिहीत असतात आणि अहवाल गठ्ठ्यातच राहतो. २५ मार्च २०२३ हाही अर्थसंकल्पी अधिवेशनाचा शेवटचाच दिवस होता. पण त्या दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अहवालातले उतारे सभागृहात वाचून दाखवले. मुंबई महापालिकेच्या २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२,०२४ कोटी रुपयांच्या खर्चाची ती विशेष तपासणी होती. २१४ कोटींची कामं निविदा न मागवता दिलेली, ४,७५६ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच केलेला नाही, ३,३५६ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ तपासनीस नेमलेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांची सोय झाली. तपासलेल्या काळातले शेवटचे आठेक महिने महापालिकेत नगरसेवक नव्हतेच, कारभार प्रशासकाच्या हातात होता, हा तपशील गदारोळात मागे पडला. विरोधकाच्या अंगणातला अहवाल मोठ्याने वाचायचा आणि स्वतःच्या अंगणातला गठ्ठ्यात ठेवायचा, यात कोणताच पक्ष मागे नाही.

आमच्या मते त्या अहवालातला सर्वांत महत्त्वाचा आकडा यांपैकी कोणताच नव्हे. तो आहे ३,५३८ कोटी ७३ लाख. कोविडकाळातल्या या खर्चाचे कागद महापालिकेने तपासायलाच दिले नाहीत. कारण म्हणून साथरोग कायदा पुढे केला. हा कायदा १८९७ चा. मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या साथीत तो घाईघाईने झाला आणि त्याच्याच जोरावर रँडसाहेबाचे सोजीर पुण्यात घरोघर घुसून तपासणी करत होते. पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. रयतेच्या माजघरापर्यंत तपासणी नेणारा कायदा सव्वाशे वर्षांनी एका महापालिकेला स्वतःची कपाटं बंद ठेवायला उपयोगी पडला. एरवी अशा योगायोगावर एखादं प्रहसन लिहिलं असतं.

लेखापरीक्षणाचा अहवाल वाचताना कोटींवर नजर खिळते, आणि तिथेच वाचक फसतो. जो घोटाळा अहवालात लिहिला गेला, त्याचे निदान कागद तरी तपासनीसाच्या हाती लागले होते. ‘अभिलेख लेखापरीक्षणास उपलब्ध करून देण्यात आले नाहीत’ हे वाक्य जिथे येतं, तिथे थांबावं. राज्यातल्या कुठल्याही शहराचा अहवाल काढा, हे वाक्य सापडतंच. त्यापुढे रक्कम असेल किंवा नसेल. कागदच नाहीत म्हटल्यावर रक्कम मोजणार कशी?

एक आक्षेप कसा जन्मतो आणि कसा जगतो, ते पाहण्यासारखं असतं. लेखापरीक्षक प्रमाणकं चाळतो, मोजमाप पुस्तिका मागवतो, आणि शंका आली की विभागाला अर्धसमास पत्र देतो. पानाच्या अर्ध्या भागात आक्षेप, उरलेला अर्धा भाग उत्तरासाठी कोरा. समजा, एकाच रस्त्याच्या डांबरीकरणाचे चार तुकडे पाडले आहेत, प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेच्या जरासा आत, चारही कार्यादेश एकाच आठवड्यातले. हे सगळं डाव्या बाजूला येतं. उजव्या बाजूला येतं, ‘काम तातडीचे होते. यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ लेखापरीक्षक खाली शेरा मारतो, ‘खुलासा मान्य नाही, आक्षेप कायम.’ झालं. आक्षेप प्रलंबितांच्या यादीत जातो. दरम्यान रस्ता पुन्हा खणला जातो, कनिष्ठ अभियंत्याची बदली होते, कार्यकारी अभियंता निवृत्त होतो, आणि आक्षेप मात्र दर वर्षी नवा अनुक्रमांक घेऊन हजर होतो. तसलमातीचंही तेच. कार्यक्रमासाठी उचललेल्या आगाऊ रकमेचा हिशेब वर्षानुवर्षं येत नाही. ज्याने उचलली तो दुसऱ्या खात्यात गेलेला असतो, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘समायोजन बाकी’ हे शब्द तेवढे टिकून राहतात.

म्हणून अहवाल उघडलात तर आधी उत्तराचा रकाना वाचा. उत्तर आलं आहे का, किती वर्षांनी आलं, आणि मागच्या साली दिलेलं उत्तरच पुन्हा चिकटवलं आहे का, एवढं पाहिलं तरी आपली महापालिका कशी चालते ते कळतं.

पण अहवाल मिळायचा कुठून? इथे एक गल्लत सर्रास होते. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना लेखापरीक्षित हिशेब सार्वजनिक करण्याची अट घातली. ते हिशेब केंद्र सरकारच्या सिटीफायनान्स या संकेतस्थळावर पाहता येतात. उत्साही नागरिक तिथून आपल्या शहराचा ताळेबंद उतरवून घेतो आणि अहवाल हाती आला असं समजतो. ताळेबंद एवढंच सांगतो की जमाखर्च जुळतो. खड्डा एकदाच बुजवला की कागदावर तीनदा, हे त्यात नसतं. ते असतं आक्षेपांच्या अहवालात. मुंबईला १८८८ च्या आणि इतर महापालिकांना १९४९ च्या कायद्याने स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक दिला आहे, आणि तो अहवाल त्याच्या खात्यातून निघतो. नगरपरिषदांचं काम स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालयाकडे, तेही १९३० च्या कायद्याने. काही महापालिकांच्या संकेतस्थळांवर अहवाल असतात. पण बहुधा ते वाकडे स्कॅन केलेले, शोधता न येणारे, आणि मधली काही वर्षं गायब.

मग उरतो सोमवार. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कार्यालयातले अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती. यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. तिथे गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘कशाला हवंय तुम्हाला?’ दुसरा, ‘तुम्ही पत्रकार का?’ आम्ही एका महापालिकेत हे दोन्ही प्रश्न ऐकले आणि त्यानंतर ‘साहेब साइटवर गेलेत’ हेही ऐकलं. तरी हरकत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि माहिती का हवी हे सांगणं अर्जदारावर बंधनकारक नाही, असं कायदाच म्हणतो. अर्जात ‘सर्व अहवाल द्या’ असं मात्र लिहू नका. अमुक वर्षाचा अहवाल, आपल्या क्षेत्रीय कार्यालयाचे प्रलंबित आक्षेप आणि त्यांचे अनुपालन अहवाल, एवढंच मागा. नेमकं मागणाऱ्याला टोलवणं जड जातं.

खरा पेच पुढेच आहे. हा अहवाल लिहिला जातो तो कोणासाठी? कायद्याप्रमाणे मुख्य लेखापरीक्षकाने दर आठवड्याला हिशेब तपासून स्थायी समितीला कळवायचं. म्हणजे खर्च करणारा आयुक्त आणि जाब विचारणारी समिती, अशी विभागणी. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका झाल्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते, सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांचे आणि स्थायी समितीचेही तेच. आयुक्तांच्या खर्चावरचा आक्षेप आयुक्तांकडेच जायचा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. एवढ्या पैशाला जाब विचारणारी खुर्ची रिकामी होती, आणि त्याबद्दल शहरात फारशी हळहळही झाली नाही. नगरसेवक नसल्याने कामं लवकर होतात, असं म्हणणारे सुशिक्षित आम्हाला पुष्कळ भेटले.

आता समित्या आल्या आहेत. नव्या नगरसेवकांनी पहिल्या वर्षात या चार वर्षांचे आक्षेप मागवून घेतले का, एवढा एकच प्रश्न आपापल्या प्रभागात विचारायला हरकत नाही. त्यांना पूर्वसूरी हवाच असेल तर तोही घरचाच आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चावेत, असा ठराव आला. ते पैसे शिक्षणावर खर्च करा, असं जोतीरावांचं म्हणणं. बत्तीस सभासदांत विरोधी मत पडलं ते एकट्या त्यांचं. ठराव मंजूर झालाच असणार, हे वेगळं सांगायला नको. पण रक्कम पाहा, हजार रुपये. आजचा एखादा स्वागत कमानीचा ठेकेदार तेवढ्यात फोनही उचलणार नाही.

स्वागत कमानींवरून आठवलं. राज्यातल्या बहुतेक दिवाळी अंकांत महापालिकांच्या, नगरपरिषदांच्या शुभेच्छांच्या जाहिराती असतात. या अंकातही आहेत, आणि अंक निघण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे दर ठरलेले असतात, देयकं जनसंपर्क खात्याकडे जातात आणि त्यांना प्रमाणक क्रमांकही पडतो. ज्या वाचकांना सोमवारची सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडेल, त्यांनी ते प्रमाणक मागवायला आमची काहीच हरकत नाही.