दगडाची लोकर आणि कामगाराचा श्वास

साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर साऱ्या गावाला दिसतो आणि त्याच्याविषयी तक्रारही होते. कारखान्याच्या आतल्या एका धुळीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. बॉयलर आणि वाफेच्या नळ्या यांच्या अंगावर जाड आवरण असते. वरून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत पिवळसर, तपकिरी किंवा करड्या रंगाची लोकरीसारखी गादी. कामगार तिला 'रॉकवूल' म्हणतात. उष्णता वाया जाऊ नये, इंधन वाचावे आणि चुकून हात लागून कोणी भाजू नये, यासाठी ती असते. गळीत हंगाम संपला की दुरुस्तीची कामे निघतात. त्या वेळी खराब झालेली गादी उचकटून काढतात आणि नवी बसवतात. हे काम करणारी माणसे बहुधा ठेकेदाराची असतात. तोंडाला दस्ती बांधली की काम भागले, असा सर्वसाधारण समज आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात वसमत, कळमनुरी भागात साखर कारखानदारी आहे. शिवाय येथील अनेक तरुण फिटर-हेल्पर म्हणून बाहेरच्या कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत जातात. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज या दगडी लोकरीचा विचार करू.

ही लोकर खरोखरच दगडापासून होते. आपल्या शेताच्या बांधावर पडलेला, विहीर खणताना लागणारा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. हाच बेसॉल्ट, थोडा डोलोमाइट किंवा चुनखडी आणि लोखंडाच्या भट्टीतील धातुमळी दगडी कोळशाच्या कोकबरोबर उभ्या भट्टीत भरतात. (धातुमळी म्हणजे लोखंड वितळताना वर येणारा दगडी साका, साखर कारखान्यातील मळीशी तिचा संबंध नाही.) सुमारे १५०० अंश सेल्सिअसला या सर्वांचा पुन्हा लाव्हारस होतो. त्याची धार वेगाने फिरणाऱ्या चाकांवर सोडली की थेंब बाहेर फेकले जातात आणि फेकले जाताना त्यांचे बारीक तंतू ओढले जातात. जत्रेत 'बुढ्ढी के बाल' करणाऱ्याच्या यंत्रात साखरेचे जे होते, तेच येथे दगडाचे होते. हे तंतू वाऱ्याच्या झोताने पुढे नेऊन, त्यांवर राळ व तेल फवारून, सरकत्या जाळीवर गोळा करतात आणि भट्टीत भाजून त्यांची गादी करतात. एका तंतूची जाडी साधारण तीन ते सहा मायक्रॉन असते. आपला केस त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जाड असतो.

निसर्गानेही ही युक्ती केलेली आहे. हवाई बेटावरील ज्वालामुखीतून उडणाऱ्या लाव्हाचे वाऱ्याने असेच तंतू होतात. तेथील लोक त्यांना पेले या ज्वालामुखीच्या देवीचे केस म्हणतात.

कारखान्यात ही लोकर करण्याचा पहिला प्रयत्न १८४० मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये एडवर्ड पॅरी याने केला. धातुमळीच्या धारेवर झोत सोडून त्याने लोकर काढली. परंतु निघालेली लोकर कोंडून धरण्याची काहीच सोय त्याने केली नाही. जराशा वाऱ्याने ती कारखानाभर उडू लागली आणि कामगारांना इतका त्रास झाला, की हा उद्योग बंद करावा लागला. पुढे १८७० मध्ये अमेरिकेत जॉन प्लेअर याला या कृतीचे पेटंट मिळाले, १८७१ मध्ये जर्मनीत धातुमळीची लोकर विकण्यासाठी तयार होऊ लागली आणि १८९७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात चार्ल्स कोरिडॉन हॉल याने चुनखडीच्या दगडापासून लोकर काढली. १९३७ मध्ये डेन्मार्कमध्ये मोठा कारखाना निघाला व तेथून हा उद्योग जगभर पसरला.

या शोधाची कथा सांगताना भट्टीचे तापमान आणि चाकांचा वेग यांचेच कौतुक होते. माझ्या मते खरा धडा पॅरीच्या बंद पडलेल्या कारखान्यात आहे. लोकर काढणे त्याला जमले होते. न जमलेली गोष्ट एकच, ती कामगाराच्या नाकात जाऊ न देणे. पुढच्या काळात जे शोध उपयोगी ठरले, त्यांतील तीन नेमके याच बाबतीतले आहेत. तंतू बंद खोलीत हवा ओढून जाळीवर गोळा करणे हा पहिला. तेल आणि राळ यांनी ते एकमेकांना चिकटवून धूळ कमी करणे हा दुसरा. तिसरा अलीकडचा आहे आणि डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तो समजण्यासाठी फुप्फुसात काय घडते ते पाहावे लागेल.

श्वासाबरोबर गेलेली जाडी धूळ नाकात व घशात अडकते आणि शेंबूड-बेडक्याबरोबर बाहेर पडते. तीन मायक्रॉनहून बारीक आणि पाच मायक्रॉनहून लांब असा तंतू मात्र थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जाऊ शकतो. तेथे भक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. तंतू आखूड असेल तर त्या गिळतातही. तो लांब असेल तर पेशीच्या तोंडात काठी आडवी अडकावी तसे होते. पेशी मरते, तेथे सूज येते आणि वर्षानुवर्षे असे चालले की फुप्फुसाचा मऊ स्पंज कडक होत जातो.

ॲस्बेस्टॉसचे तंतू नेमके असे वागतात. ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे स्फटिकमय खनिज आहे. त्याचा तंतू मोडताना उभा चिरतो, म्हणजे अधिकाधिक बारीक होत जातो, आणि त्याचे काही प्रकार शरीरात दशकानुदशके विरघळत नाहीत. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे रोग होतात. तेही वीस, तीस, चाळीस वर्षांनी. दगडी लोकर काचेसारखी असते. तिचा तंतू आडवा तुटतो, म्हणून तो आखूड होतो, पण बारीक होत नाही. तिसरा शोध येथे येतो. घटकांचे प्रमाण बदलून, विशेषतः ॲल्युमिना वाढवून व सिलिका कमी करून, भक्षक पेशीतील आम्लात लवकर विरघळणारी लोकर तयार करण्यात आली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये नियम करून लवकर विरघळणाऱ्या तंतूंना कर्करोगकारकांच्या यादीतून वगळण्याची तरतूद केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये दगडी लोकर 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवली होती. पुढील पुरावा तपासून २००१ मध्ये तिला त्या गटातून काढण्यात आले आणि 'वर्गीकरण करता येत नाही' या गटात ठेवले गेले. भट्ट्यांच्या आत वापरतात ती पांढरी सिरॅमिक लोकर मात्र जुन्याच गटात राहिली. ती अतितप्त जागी दीर्घकाळ राहिली की तिच्यात क्रिस्टोबलाइट नावाची घातक सिलिकाही तयार होते.

तेव्हा दगडी लोकरीचा बागुलबुवा करण्याचे कारण नाही. ॲस्बेस्टॉसच्या जागी ती आली, हे चांगलेच झाले. तरीही 'कर्करोगाचा पुरावा नाही' याचा अर्थ 'अपाय नाही' असा होत नाही. खाजकुयली लागल्यासारखी कातडीची आग, डोळ्यांची चुरचुर, घशाची खवखव आणि खोकला हे त्रास ती देते. दम्याच्या माणसाला हा त्रास अधिक होतो. सोयाबीनच्या मळणीयंत्रासमोर दिवसभर उभे राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय ते सांगायला नको.

खरा धोका याच्या पुढचा आहे. नवी गादी कोणती आहे, हे तिच्या वेष्टनावर लिहिलेले असते. जुनी गादी काढताना मात्र पत्र्याखाली काय आहे, हे हेल्परला माहीत नसते आणि पुष्कळदा मुकादमालाही नसते. जुन्या बॉयलरांवर आणि नळ्यांवर एके काळी ॲस्बेस्टॉसचे दोर, लेप व गाद्या सर्रास वापरल्या जात. दोन्ही प्रकार धुळीने माखले की एकसारखेच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. आपल्या देशात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी नाही, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

म्हणून या सदरातून माझे स्पष्ट म्हणणे असे आहे, की पत्र्याखाली काय आहे याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय कोणत्याही कामगाराला जुने आवरण उचकटायला लावू नये. ही काही दयेची मागणी नव्हे. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक कामातील धोक्यांची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक ठरले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवावी, असा आदेशही दिला. रोग चाळीस वर्षांनी उगवत असेल तर नोंदही तेवढी टिकली पाहिजे, हे उघड आहे. ठेकेदाराकडे एकाच हंगामापुरते काम करणाऱ्याची नोंद कोण ठेवतो, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याच्या संचालकांनी स्वतःला विचारावा.

यावर व्यवस्थापनाकडून दोन उत्तरे येतात. एक म्हणजे तपासणीला खर्च येतो. पण जेथे दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो, तेथे काही नमुने तपासण्याचा खर्च जड वाटू नये. दुसरे उत्तर असे, की उन्हाळ्यात माणसे मास्क घालतच नाहीत. हे खरे आहे, आणि त्यात माणसांचा दोष नाही. बॉयलरच्या खोलीतील उकाड्यात मास्क लावून आठ तास काम करणे कठीणच असते. म्हणूनच सगळा भार मास्कवर टाकू नये. आधी धूळच उडू देऊ नये.

त्यासाठी फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. थंड झालेले आवरण काढण्यापूर्वी पाण्याचा हलका फवारा मारून भिजवावे. ते ओरबाडून न काढता सुरीने कापून तुकडे काढावेत. तुकडे वरून खाली फेकू नयेत, जागीच जाड पिशवीत भरून तोंड बांधावे. खराट्याने कोरडे झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. त्यानंतर मास्क. दस्तीच्या विणीतून हे तंतू सहज आत जातात, म्हणून एन-९५ प्रकारचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क वापरावा. नमुन्यात ॲस्बेस्टॉस निघाल्यास हा मास्कही पुरत नाही. ते काम प्रशिक्षित माणसांनी, त्यासाठीच्या साधनांनिशीच करावे.

कामगार बंधूंनीही काही गोष्टी पाळाव्यात. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा आणि चष्मा वापरावा. अंगाला तंतू लागल्यास खाजवू नये, आधी थंड पाण्याची धार सोडावी आणि मग साबण लावावा. डोळे चोळू नयेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नयेत. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. बिडी-सिगारेट सोडावी, कारण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. ज्यांनी पूर्वी अशी कामे केली आहेत त्यांना चालताना धाप लागत असेल, खोकला हटत नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना आपल्या कामाविषयी आवर्जून सांगावे. डॉक्टर मित्रांनाही विनंती, की दम लागणाऱ्या रुग्णाला क्षयाची तपासणी लिहून देताना 'तुम्ही आयुष्यभर काय काम केले?' हाही प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरात पुष्कळदा निदान असते.

यंदाचा हंगाम संपून दुरुस्तीची कामे निघतील, तेव्हा जिल्ह्यातील प्रत्येक कारखान्याने पत्रा उघडण्याआधी नमुना तपासावा आणि निकाल कामगारांना वाचता येईल अशा ठिकाणी मराठीत लावावा. एवढ्या कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.