समानार्थी शब्दांचे मोल

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द विचारण्याची प्रथा जुनी आहे. विद्यार्थी मार्गदर्शिकेतील जोड्या पाठ करतो आणि गुण मिळवितो. एका शब्दाच्या जागी दुसरा बिनदिक्कत ठेवता येतो, ही समजूत मात्र त्याच्या मनात कायमची घर करून राहते. परीक्षेत तिच्यामुळे फारसे बिघडत नाही. पुढे पोटापाण्याच्या व्यवहारात बिघडते.

छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीचेच उदाहरण घ्यावे. आसपासच्या खेड्यांतील शिकलेली मुले तेथे कामाला लागतात. ‘ले-ऑफ’, ‘रिट्रेंचमेंट’, ‘डिसमिसल’ आणि ‘रेझिग्नेशन’ या चारही शब्दांचा बोलण्यातील अर्थ एकच : नोकरी गेली. कायद्याच्या लेखी मात्र हे चार निरनिराळे व्यवहार आहेत. ‘ले-ऑफ’मध्ये नोकरी जातच नाही. वीज वा कच्चा माल नाही, यंत्र बिघडले, म्हणून मालक काही काळ काम देऊ शकत नाही, इतकेच. आणि पात्र कामगारास त्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळावयाची असते. ‘रिट्रेंचमेंट’ म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कारणाने केलेली कपात. तीत सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई असते. ‘डिसमिसल’ ही गैरवर्तनाबद्दलची शिक्षा होय. ‘रेझिग्नेशन’ तर कामगाराने आपखुशीने घेतलेला निरोप. त्याला कपातीची भरपाई कोठून असणार? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील हा भेद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही कायम ठेवला आहे. ‘सगळे एकच’ म्हणून राजीनाम्यावर सही करणारा तरुण दहा वर्षांच्या नोकरीची १५० दिवसांची भरपाई एका शब्दापायी गमावून बसतो.

दोष इंग्रजीचा आहे असे मात्र नव्हे. मजुरी, पगार, वेतन, मानधन, विद्यावेतन अशा छटा मराठीतही आहेत आणि त्यांनाही किंमत मोजावी लागते. अंगणवाडी सेविकांना मिळते ते ‘मानधन’, ‘वेतन’ नव्हे, या भेदावर त्यांचा उपदानाचा हक्क अडला होता. तो हक्क त्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले.

हा बारकावा वकिलांनी पाहावा, असे कोणी म्हणेल. पण वकील येतो तो सही झाल्यानंतर. सहीच्या क्षणी कामगार एकटा असतो आणि समोरच्या पक्षाला शब्दांचा अर्थ नेमका ठाऊक असतो. ज्या सौद्यात एकच बाजू जाणती, तो बरोबरीचा सौदा नव्हे, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने सेवेचे नियम बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही प्रवेशद्वाराजवळ लावण्याचा दंडक घातला होता, तो याच जाणिवेने.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. शिक्षकांनी समानार्थी शब्दांच्या जोड्या पाठ करवून घेण्याऐवजी त्यांतील फरक वाक्यात वापरून दाखवावा आणि परीक्षेतही तोच विचारावा. कारखान्यांनी सहीसाठी पुढे केलेल्या प्रत्येक कागदासोबत त्याचा मराठी अर्थ द्यावा. भाषेचा तास आणि भाकरी यांचा संबंध इतका जवळचा आहे, हे आपण जितक्या लवकर ओळखू तितके बरे.