साठ नंबरचा सा

परवा आमच्या भाच्यानं मला सांगितलं, "मामा, तुमचा पासष्ट आहे." वयाबद्दल बोलत असेल म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग कळलं, तो माझ्या गंधाराबद्दल बोलत होता!

या पोरानं संगणकात गाण्याचा कारखाना उघडला आहे. पडद्यावर डबे, डब्यांना भोकं आणि भोकांतून रंगीत तारा. एका डब्यातून आकडे निघतात, दुसऱ्यात त्यांचा सूर होतो, तिसऱ्यात ठेका मिसळतो. याला मॉड्युलर सिक्वेन्सर म्हणतात म्हणे. आमच्या भजनी मंडळाच्या चाली त्यात घालून ठेवायच्या, "म्हंजे मामा, तुमच्या मागं टिकतील की!" हेतू चांगला आहे, फक्त जरा घाईचा वाटला.

भानगड आहे ती त्या आकड्यांत. 1983 साली वाद्यं करणाऱ्या कंपन्यांनी मिळून मिडी नावाची भाषा ठरवली. तीत सुरांना 0 ते 127 असे क्रमांक दिले. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60. तिथं सा धरला तर 67 हा पंचम. आमचे बुवा मात्र सोमवारी पांढरी एकला गातात आणि गुरुवारी घसा मोकळा असला की काळी दोनला चढतात. म्हणजे सा झाला 63 आणि 67 झाला गंधार. सोमवारचा पंचम गुरुवारी गंधार! आमच्या पेठेत माणसं इतक्या वेगानं पक्षसुद्धा बदलत नाहीत.

"त्यात काय, एक बटण दाबलं की सगळे आकडे तीननं वाढतात," भाचा म्हणाला. वाढतात की. पण त्यातला सा कोणता, हे त्या आकड्यांना कधी ठाऊक होतं? कोल्हापुरात घर नंबर सांगून घर सापडत नाही. खासबागेच्या मागं, गिरणीच्या समोर, पैलवानांच्या शेजारी, असा पत्ता लागतो. सुराचा पत्ताही असाच, सा पासून सांगायचा. दरबारीचा कोमल गंधार आणि भीमपलासीचा कोमल गंधार, नंबर दोघांचा एकच. पण दरबारीतला डुलत असतो, एका जागी उभा राहत नाही. त्याला 63 म्हणणं म्हणजे झोपाळ्यावरच्या पोराचा पत्ता 'कडीपाट' असा देणं आहे.

गंमत अशी, की कॉर्डच्या बाबतीत या मंडळींना हे सगळं उमगलेलं आहे. 60, 64, 67 असे तीन आकडे न ठेवता भाचा 'मूळ सूर आणि जात' एवढंच लिहितो. पुढचे दोन सूर मुळापासून चार आणि सात घरांवर, हे डब्याला आपोआप कळतं. म्हणजे तीन सूर एकदम वाजले तर त्यांना कुळ, मूळ, गोत्र सगळं. आणि एकटा सूर आला की त्याच्या हातात कैद्यासारखा बिल्ला! हा कुठला न्याय?

मग मींड घ्यायची वेळ आली. सूर वाकवायचा म्हणून एक चाक असतं. बुवांचा सूर षड्जाकडून गंधाराकडे ओढायला गेलो, तर त्याच वाहिनीत पेटीचा कॉर्ड धरलेला होता, तोही बरोबर ओढला गेला. एकट्या बुवांनी मींड घेतली आणि अख्खं मंडळ घसरलं! प्रत्येक सुराला वेगळी वाहिनी द्यावी, हा तोडगा त्या भाषेत रीतसर मान्य झाला 2018 साली. पस्तीस वर्षं लागली.

"पर मामा, तुमच्या पेटीत तरी मींड कुठं हाय?" भाच्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. खरं आहे. तंबोऱ्यातून आपसूक निघणारा गंधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर असतो आणि आमच्या पेटीचा 400 वर. याच पेटीला ऑल इंडिया रेडिओनं 1940 पासून 1971 पर्यंत दार बंद ठेवलं होतं. पण पेटी चुकली तरी शेजारी गळा असतो. गोविंदराव टेंब्यांसारख्यानं ती वाजवली तीही गळ्याकडे कान लावूनच. तुझ्या डब्याच्या शेजारी कोण बसणार आहे? उद्या बुवा नसतील, मी नसेन, तेव्हा त्या आकड्यांनाच लोक अस्सल चाल समजतील.

लिहू नका, असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्यांत आमच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्करही होते. भातखंड्यांनी कागदावर सा, रे, ग लिहिले, कोमल सुराखाली आडवी रेघ दिली, मींडेसाठी वर कमान काढली आणि कणाचा सूर बारीक अक्षरात बाजूला बसवला. कागदाला वीज लागत नव्हती, तरी नातं आणि वाट दोन्ही लिहिली गेली. उलट अल्लादियाखाँसाहेब. शाहू महाराजांच्या दरबारात इतकी वर्षं गायले, कोल्हापुरात त्यांचा पुतळा आहे. पण त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. जे उरलं ते शिष्यांच्या गळ्यांत. त्यातल्या केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात पाठवलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी गाणंच पाठवलं. आकड्यांची यादी पाठवली नाही. परग्रहवासीयांची केवढी काळजी! आमच्या नातवंडांची तेवढी कोणी करील का?

म्हणून माझी मागणी एवढीच: सा वेगळा लिहा, सूर त्याच्या नात्यानं लिहा आणि एका सुरावरून दुसऱ्यावर कसे गेलात ती वाटही लिहा. तीन रकाने. किराणावालासुद्धा उधारीच्या वहीत याहून जास्त ठेवतो.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीन रकाने करतो. पर वाट लिहायची तर बुवांना तीच मींड परत तश्शीच घ्यायला सांगा."

बुवांना निरोप दिला. ते म्हणाले, "तीच? ती कालची होती."