नवस जरूर बोला, पण गाडी सुरू झाल्यावर

घरातला म्हातारा माणूस रात्री-बेरात्री अचानक पडला की आपल्या गावांत दोन धावपळी एकदमच सुरू होतात. एक जण गाडी बघायला पळतो, दुसरा देवापुढे उभा राहतो. कुणी गायमुखच्या महादेवाला साकडे घालतो, कुणी मोहाडीच्या चौंडेश्वरीला, कुणी चांदपूरच्या हनुमानाला. बौद्ध घरात वंदना होते, मुसलमानाच्या घरात दुवा मागितली जाते. यात हसण्यासारखे काहीही नाही. ज्याने आपल्याला बोट धरून बांधीच्या धुऱ्यावरून चालवले तो बाप डोळ्यांदेखत निपचित पडतो, तेव्हा हात आपोआप जोडले जातात. प्रश्न एवढाच आहे की या दोन धावपळींपैकी कोणती आधी आणि कोणती सोबतीने.

वाचकहो, हा प्रश्न पावसाळ्यात फार जवळचा होतो. भंडारा जिल्हा धानाचा आणि तलाव-बोड्यांचा. रोवणीच्या दिवसांत बांध्या पाण्याने भरल्या की उंदीर, बेडूक कोरड्या जागेकडे येतात आणि त्यांच्या मागे साप येतात. शेतात नाग आणि घोणस भेटते. मण्यार मात्र घरात येते. ती बहुधा मध्यरात्रीनंतर चावते आणि जो जमिनीवर निजलेला असतो त्यालाच चावते. आपल्याकडे खाटेवर लेकरे-नातवंडे आणि खाली चटईवर म्हातारा-म्हातारी, अशी बहुतेक घरांची मांडणी. मण्यारीचा दंश दुखत नाही. सूज नाही, कधी कधी खूणसुद्धा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि शेवटी श्वास मंदावतो. घरचे म्हणतात, बुढ्याला रात्रीचे जेवण बाधले. या एका समजुतीत दोन-तीन तास निघून जातात.

ज्या घरात कारण कळते, तिथे दुसरी अडचण उभी राहते. कुणीतरी सांगतो, अमक्या गावी मांत्रिक आहे, त्याच्या हाताला गुण आहे. हा गुण येतो कुठून, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या भागातले बरेचसे साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड चावली तर माणूस मरत नाही. विषारी सापही प्रत्येक वेळी पुरते विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी कित्येक जण काहीही केले नसते तरी वाचलेच असते. ते वाचतात आणि यश मंत्राच्या खात्यात जमा होते. जे दगावतात त्यांच्याबद्दल म्हणतात, त्याची वेळच भरली होती. असा हिशेब कुठल्या सोसायटीत चालेल काय?

कृषी खात्याच्या कामाने गावोगाव फिरताना या हिशेबाचा दुसरा कागद आमच्या हातात येतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. अर्ज आला की कागद पूर्ण करून तो पुढे पाठवणे हे आमचे काम, ते आम्ही करतोच. पण एक लक्षात घ्या. योजनेची वयोमर्यादा १० ते ७५ वर्षे आहे. पंचाहत्तरी ओलांडलेला बाप अजूनही बांधीत उभा असतो, पाण्याची फोड बघतो, बैल सोडतो. पण तो गेला तर या कागदाच्या हिशेबात त्याची नोंद नाही. त्याच्यासाठी एकच योजना उरते, ती म्हणजे त्याला वेळेवर दवाखान्यात पोचवणे.

हे केवळ पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ऐन रोवणीत आमच्या वडिलांना मण्यार चावली. वय सत्तरीच्या पुढे. पहाटे तीनला पोट धरून उठले आणि थोड्या वेळाने डोळे उघडेनात. दारात चार माणसे जमली, त्यातल्या दोघांनी मांत्रिकाचे नाव घेतले. आमची माय माळकरी, एकादशी कधी न मोडणारी. तिने देवघरातला अंगारा बुढ्याच्या कपाळाला लावला, माळ हातात घेतली आणि सरळ गाडीत जाऊन बसली. म्हणाली, "देव का मंदिरातच रायते? दवाखान्यातबी रायते. चाला लवकर." वाटभर तिच्या तोंडी नामस्मरण होते आणि गाडी एक मिनिटही थांबली नाही. श्रद्धा कशी असावी हे आम्ही त्या पहाटे शिकलो. दवाखान्यात लस लागली, पुढे मोठ्या दवाखान्यात कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी डोळे उघडले आणि पहिले विचारले ते रोवणीचे.

रोवणी झाली होती. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना लावले तर फुटवे चांगले येतात, उशीर झाला की उत्पन्न घटते, हे आम्ही लोकांना सांगत फिरणार. आणि त्या आठवड्यात आमच्या बांधीचे कुणाला भान नव्हते. शेजारच्या चार घरच्या बायांनी न विचारता येऊन रोवणी आटोपली. एकाने गाईंची धार काढली. गाडीवाल्याने डिझेलपुरतेच पैसे घेतले. दवाखान्याच्या पायरीवर एका अनोळखी माणसाने स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर मायच्या पुढे केली. असे प्रत्येक घरात घडते. तुमच्याही घरात घडले असेल, जरा आठवून बघा.

आणि जी माणसे आपल्याला दिसतही नाहीत त्यांचे काय? सर्पदंशावरची लस कशी बनते हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. तमिळनाडूत इरुला नावाचे आदिवासी आहेत, साप पकडणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था निघाली. हे लोक जिवंत साप धरून त्याचे विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. ते विष थोडे-थोडे करून घोड्याला टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते, ते वेगळे काढले की लस होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामात फार जुने आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर तीच एक लस चालते, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. लहान लेकराला आणि म्हाताऱ्यालाही मात्रा सारखीच लागते, कारण ती माणसाच्या वजनावर नसते, सापाने सोडलेल्या विषावर असते. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला एखादा बाप वाचतो, तेव्हा त्यात कुठल्या तरी इरुला माणसाचा हात असतो आणि मुक्या घोड्याचे रक्त असते. पोळ्याला आपण बैलापुढे हात जोडतो. त्या घोड्याचे पांग कोण फेडणार?

इथेच आपल्या कृतज्ञतेची परीक्षा आहे. बाप बरा होऊन घरी आला की नवस फेडला जातो. बोकड कापतात, गावजेवण होते, कधी त्यासाठी कर्जही काढतात. देवाचे फिटले, असे समजून आपण मोकळे होतो. माणसांचे मात्र राहूनच जाते. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, १८७६ साली शेंडगावला जन्मले. देवापुढे प्राणी मारू नका, ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितले. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घर बांधले नाही, धर्मशाळा बांधल्या. मुंबईला दादरमध्ये त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर इलाज घ्यायला आलेले गोरगरीब आणि त्यांचे नातलग तिथे राहतात. देवाचे ऋण माणसात फेडायचे असते ते असे.

कुणी म्हणेल, ही मोठ्या माणसांची कामे, आपल्या गावाने काय करावे? त्यालाही उदाहरण आहे आणि ते आपल्यासारख्या शेतकऱ्यांचेच आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आसपास भोवतालच्या गावांत एक पद्धत सुरू केली. हंगामाला प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जास्त जमीन असेल त्याने जास्त द्यायची, आणि त्या बदल्यात वर्षभर आजारपणात इलाजाचा आधार मिळायचा. डॉ. उल्हास जाजू यांनी ही योजना वाढवली. संकट यायच्या आधीच सुपात धान्य काढून ठेवणे, हा त्यातला शेतकऱ्याला पटणारा विचार.

आपल्याला तर आता ज्वारीही मोजावी लागत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज होतो. भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटनही ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. सोयी पूर्ण आहेत असे कुणी म्हणणार नाही, त्यासाठी भांडावेच लागेल. पण आहे ती सोयसुद्धा आपल्या म्हाताऱ्या मायबापांपर्यंत पोचली की नाही, हे आपण बघितले काय? बुढ्याचे कार्ड निघाले काय? आधारवर त्याचे वय बरोबर आहे काय? दवाखान्याच्या दारात ते शोधत बसण्यापेक्षा रोवणीच्या आधी एक दिवस त्यासाठी मोडा.

ज्यांच्या घरचा माणूस वाचला आहे, त्यांना आमची खास विनंती. नवसाचे जेवण आवरते घ्या आणि त्यातून गावासाठी काही करा. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात १०८ लिहा आणि खाली रात्री गाडी काढणाऱ्या तिघांचे फोन लिहा. सर्पदंशावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात मिळते हे आशाताईला विचारून तेही लिहा, म्हणजे रात्री शोधाशोध होणार नाही. दंश झाल्यावर चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी आवळू नये, अंगठी-कडे काढावे, हाड मोडल्यावर जसा हात-पाय न हलवता बांधतात तसा ठेवावा आणि माणसाला चालवू नये, हेही तिथेच लिहा. एखाद्या गरीब म्हातारीला खाट आणि मच्छरदाणी घेऊन द्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली तर मण्यार आत येत नाही. बोकडाच्या खर्चात अशा दोन-चार खाटा येतील आणि देव रागावणार नाही.

देव रागावत नाही, याची साक्ष आपल्या घराघरात आहे. पुंडलिक मायबापाचे पाय चेपत होता आणि दारात साक्षात पांडुरंग उभा राहिला. पुंडलिकाने त्याला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, अजूनही उभा आहे. तेव्हा बापाला गाडीत घालताना देवघरापुढे पाच मिनिटे कमी पडली तर मनात भीती धरू नका. नामस्मरण गाडीतही होते. आणि ज्या देवाला आपण हात जोडले, तो आपल्या मदतीला गाडीवाल्याच्या, नर्सबाईच्या, शेजारणीच्या रूपाने आला असेल, तर त्यांचे आभार मानायला लाजू नका.

नागपंचमी रोवणीच्याच हंगामात येते. त्या दिवशी आपण नांगर धरत नाही, नागाची पूजा करतो. उंदीर खाऊन धान राखणाऱ्याचे ते ऋण आहे. यंदा पूजा झाली की गावातल्या पाच-दहा जणांनी शाळेच्या भिंतीपाशी जमावे आणि तो फलक रंगवून टाकावा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वय वंदना कार्डांची यादी वाचायला लावावी. ज्याचे राहिले असेल त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जावे.