बॅटरी पेटली तर ‘कंपनीला विचारा’ म्हणून सुटका नाही

ई-स्कूटरची डीलरशिप घ्यायची किंवा बॅटरी रिपॅकिंगचं दुकान टाकायचं, असं ठरवून बरेच जण भेटतात. मार्जिन किती, जागा किती लागेल, सगळं विचारतात. पण आपण दिलेली बॅटरी कुणाच्या घरात चार्जिंगला असताना पेटली आणि माणूस भाजला तर काय, हे कुणीच विचारत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली आणि वरच्या लॉजमधले ८ जण गेले. त्यांचा त्या स्कूटरशी काही संबंधही नव्हता.

आता भाजलेल्या ग्राहकाच्या हातात काय आहे ते बघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादन दायित्व’ नावाचं अख्खं प्रकरण आहे. त्यानुसार कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस करणारा, तिघांवरही दावा लावता येतो. दवाखान्याचा खर्च, मानसिक त्रास, जळालेलं घर, सगळं त्यात मागता येतं. मुदत २ वर्षं. तक्रार तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करू शकतो, आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा डिलिव्हरीवालाही ग्राहकच. निष्काळजीपणाची पोलीस केस होऊ शकते, ती वेगळी.

विक्रेता दरवेळी अडकतोच असं नाही. पण तुम्ही वायरिंग बदललं, दुसरा चार्जर जोडला, गाडी नीट तपासून दिली नाही आणि त्यातून इजा झाली, की अडकलात. काउंटरवर ‘तीन वर्षं काही होणार नाही, माझी गॅरंटी’ असं बोलून गेलात, तर ती गॅरंटी तुमचीच धरली जाते, कंपनीची नाही.

रिपॅकिंगवाल्यांनो, तुमचं तर अजून अवघड. दुसऱ्याचे सेल आणून पॅक जोडणारा कायद्याच्या व्याख्येत ‘उत्पादक’च ठरतो. मूळ कंपनी सरळ म्हणणार, ‘आमची बॅटरी उघडली होती.’ मग त्या माणसासमोर उरता एकटे तुम्ही. गल्लीत स्वस्तात पॅक करून देतात ना, त्यातल्या किती जणांकडे सेलचं बिल असतं? मला तर हा धंदा नसून जुगार वाटतो.

म्हणून डीलरशिपच्या हिशोबात प्रॉडक्ट लायबिलिटी विम्याचा हप्ता पहिल्या दिवसापासून धरा. बिलावर बॅटरी आणि चार्जर दोन्हींचा सिरीयल नंबर लिहा. आणि कुणाची गाडी खरंच पेटली, तर जळका सांगाडा भंगारात घालायला सांगू नका. तो त्याचा पुरावा आहे. तुमची चूक नसेल, तर तुमचाही.