मौनाचा अखत्यार

पेशवाई बुडाल्यावर पुढच्याच वर्षी, मुंबईच्या गव्हर्नरपदी आरूढ होण्याच्या सुमारास, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी जो विस्तृत अहवाल वरिष्ठांस धाडला, त्यात वतने, इनामे आणि पंचायती यांची वासलात कशी लावावी याविषयीचे मत त्याने स्वतःच्या नावानिशी नमूद केले. म्हणूनच, तो परक्या सत्तेचा चाकर होता हे न विसरताही, त्याच्याशी आज कागद समोर ठेवून भांडता येते.

स्वतंत्र भारतातील राज्यपालाशी असे भांडणे दुर्घट, कारण त्याचे खरे शस्त्र हुकूम नसून मौन आहे. लोकनियुक्त राज्यपालाची मूळ कल्पना संविधानसभेने 1949 साली सोडली, ती एकाच राज्यात दोन लोकनियुक्त धनी झुंजतील या रास्त भीतीने; परंतु नेमणूक राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाची, आणि पदाची शाश्वतीही त्याच मर्जीपुरती, अशी तजवीज झाल्यावर धनी दोनच राहिले, एकाचा मुक्काम मात्र दिल्लीस हलला. ज्यांच्या कारकीर्दीत महाराष्ट्र राज्य जन्मास आले ते श्रीप्रकाश, किंवा पुढे विजयालक्ष्मी पंडित, यांच्या काळी ही उणीव जाणवली नाही. अर्थात तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत पक्षही एकच होता.

नोव्हेंबर 2020 मध्ये विधान परिषदेवर नेमावयाच्या 12 सदस्यांची यादी मंत्रिमंडळाने राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांजकडे पाठविली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी राखलेल्या या जागांवर आपली माणसे बसविण्याचा मोह कोणत्या पक्षास आवरला आहे? नावे अपात्र वाटली असती, तर तसा शेरा मारून यादी परत करता आली असती. ती मंजूर झाली नाही, नामंजूरही झाली नाही. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, निर्णय वाजवी मुदतीत व्हावा आणि त्यास आठ महिने पुष्कळ झाले, असे सुनावले, तरी दप्तर हलले नाही; 2022 मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या मंत्रिमंडळाने यादीच मागे घेतली.

संविधानात मुदत लिहिलेली नाही, हा बचाव मला मान्य नाही. लेखी कारणाविना राजभवनाने कोणताही कागद अडवून ठेवू नये, एवढा नेम घालण्यास घटनादुरुस्ती लागली तरी ती करावी. सातबाऱ्यावरील फेरफारास हरकत घ्यावयाची तर साध्या शेतकऱ्यास तलाठ्याच्या नोटिशीपासून 15 दिवसच मिळतात.